बेसचा सिग्नल दोन वाटांनी नेताना

बेस गिटारला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की खालच्या स्वरांचा भरणा जातो, म्हणून सिग्नल दोन भागांत वाटावा आणि एकाच भागावर डिस्टॉर्शन लावावं, असा सल्ला दिला जातो. मान्य. पण त्यासाठी सुचवलं जाणारं बॉस एलएस-२ हे पेडल (पायाने चालवायचं छोटं यंत्र) सिग्नलच्या नुसत्या दोन प्रती करतं, फ्रिक्वेन्सी वेगळ्या करत नाही. दोन्ही वाटांनी अख्खा बेसच जातो. खरी फाळणी हवी असेल तर क्रॉसओव्हर (खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं सर्किट) लागतो, नाहीतर एका वाटेवर लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा फिल्टर) आणि दुसरीवर हाय-पास (फक्त वरच्या जाऊ देणारा).

मी २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास तोडतो. खालची वाट स्वच्छ, फार तर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारा). वरच्या वाटेवर डिस्टॉर्शनच्या आधी हाय-पास हवाच, पण नंतरही एक लावून बघा. दोन स्वर एकत्र वाजवले की डिस्टॉर्शन त्यांच्या फरकाची फ्रिक्वेन्सी नव्याने तयार करतं आणि गढूळपणा पुन्हा खाली उतरतो.

खरी गोम फेजची, म्हणजे दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींशी जुळण्याची. काही पेडल सिग्नल उलटा करतात; वाटा जोडल्यावर आवाज पोकळ वाटला तर एका बाजूची पोलॅरिटी फिरवा. डिजिटल पेडलमधून जाताना सिग्नलला होणारा उशीर मात्र अशी पोलॅरिटी फिरवून जात नाही. २ मिलिसेकंद म्हणजे २५० हर्ट्झला बरोब्बर अर्धं आवर्तन, म्हणजे नेमका क्रॉसओव्हरपाशीच खड्डा! डिजिटल पेडल ठेवायचंच असेल तर दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्यानंतर ठेवा.

रिकनबॅकर कंपनीच्या गिटारवरच्या रिक-ओ-साउंड या स्टिरिओ आउटपुटसारखी प्रत्येक पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला) वेगळी वाट देणं हाही जुना मार्ग आहे, पण ती फाळणी पिकअपची, फ्रिक्वेन्सीची नव्हे.