मदत हवी आहे: क्वीन्समधला (न्यूयॉर्क) रिकामा मजला थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येतो का?

नमस्कार मंडळी,

आमचं एल्महर्स्टला टू-फॅमिली घर आहे. खाली आम्ही चौघं, वरचा मजला सासू-सासऱ्यांचा. ते दर उन्हाळ्यात सांगलीहून येतात आणि दिवाळीच्या आत परत जातात. यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे येणं सप्टेंबरवर गेलंय. म्हणजे जून ते ऑगस्ट वर नुसतं कुलूप. त्यात 19 जुलै 2026 ला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर. नवऱ्याने रात्रीचा दर धरून हिशोबही मांडला.

मी नियम वाचायला बसले आणि चक्रावले. कळलं ते असं: शहराच्या लोकल लॉ 18 ची अंमलबजावणी 5 सप्टेंबर 2023 पासून सुरू आहे. तीस दिवसांच्या आतल्या मुक्कामाला पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर महापौरांच्या ऑफिस ऑफ स्पेशल एन्फोर्समेंटकडे नोंदणी लागते. फी 145 डॉलर, परत मिळत नाही. नोंदणी क्रमांक पडताळल्याशिवाय एअरबीएनबीसारख्या साइट बुकिंग घेत नाहीत. एका वेळी पाहुणे दोनच, आणि यजमानाने तिथेच राहायचं.

माझं घोडं अडलंय त्या 'तिथेच'वर. आम्ही त्याच घरात आहोत, फक्त एक जिना खाली. हे चालतं का?

दुसरं, ते नाहीच जमलं तर आमच्या मजल्यावरची एक खोली देता येईल का? मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्या खोलीला आतून कुलूप आहे. मी कुठेतरी वाचलं की कुलपं चालत नाहीत!

तिसरं, एक एजंट गृहस्थ भेटले. म्हणाले, "काळजी करू नका, कागदावर तीस रात्रींचं बुकिंग दाखवू, पाहुणा पाचव्या दिवशी गेला तर कुणाला कळतंय?" मला ते काही झेपलं नाही. कुणाला अनुभव असल्यास सांगा.

जिन्याखालचा:
ताई, वरचा मजला विसरा. मीही याच भ्रमात होतो. कायदा घर धरत नाही, युनिट धरतो. तुम्ही ज्या युनिटमध्ये कायम राहता, त्याच्याच आत पाहुणा हवा, आणि त्याच्या मुक्कामात तुम्हीही त्याच युनिटमध्ये झोपायला हवं. वर वेगळं स्वयंपाकघर, वेगळं दार, म्हणजे वेगळं युनिट. मालक तुम्हीच असलात तरी फरक पडत नाही.

गंमत बघा, ज्यात कुणाचीच अडचण होणार नाही तो रिकामा मजला बंद, आणि तुमच्या हॉलमधून बाथरूमला जाणारा परका माणूस चालतो. यामागचा विचार असा की पाहुण्याने घरच्या माणसासारखं राहावं, सगळ्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेपर्यंत त्याला जाता यावं. म्हणून आतल्या दारांना कुलपं नकोत. आग लागली तर कुणी बंद दारावर आपटू नये. बाहेर पडायच्या वाटांचा नकाशाही घरात लावावा लागतो.

जर्सीचा_मामा:
एजंटचं अजिबात ऐकू नका. दंड झाला तर घरमालकाला होतो, पाच हजार डॉलरपर्यंत. तो गृहस्थ तेव्हा फोनही उचलणार नाही.

आमच्या जर्सी सिटीत नियम वेगळे, त्यामुळे इकडच्या नातेवाइकांच्या सल्ल्यावर जाऊ नका. इथे 2019 च्या नोव्हेंबरमध्ये मतदान होऊन निर्बंध आले. मालक स्वतः राहत नसेल तर वर्षाला साठच रात्री, आणि भाडेकरूला यजमान होताच येत नाही. नदी ओलांडली की कायदा बदलतो.

फाइलवाली:
आणखी थोडं. तळघर द्यायचा विचार असेल तर मनातच ठेवा. 2021 च्या आयडा वादळात क्वीन्सच्या तळघरांत माणसं बुडाली, ते इथे अजून कुणी विसरलेलं नाही.

तीस दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला वरचा मजला दिलात तर ही नोंदणी लागत नाही. तीन महिने येणारे विद्यार्थी, नर्सेस असे लोक असतात. पण सलग तीस दिवस राहिला की त्याला भाडेकरूचे हक्क लागू होतात, मग कोर्टाशिवाय बाहेर काढता येत नाही. सप्टेंबरला सासूबाई दारात उभ्या आणि वर तो, असं नको. माणूस बघून द्या, करार लेखी करा, आणि त्याआधी घरांचं काम करणाऱ्या वकिलाला तासाभराची फी देऊन दाखवा.

एक-दोन कुटुंबांच्या घरांना सूट देणारा प्रस्ताव 2024 मध्ये काउन्सिलपुढे आला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक तो कायदा म्हणून फिरवतात. प्रस्तावावर बुकिंग घेऊ नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. जिन्याखालचे दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि हिशोबाचा कागद फाडला.

एक राहिलंच. नवऱ्याची आतेबहीण कुटुंबासह मॅच बघायला येतेय, दहा दिवस वरच राहील. पैसे घेणार नाही, मग नोंदणीचं काही नाही ना?

जिन्याखालचा:
भाडं नाही तर काही नाही. फक्त तिने जाताना "राहू दे गं, खर्चाला" म्हणून पाकीट दिलं तर घेऊ नका.

धागाकर्ती:
हाहा, ती पाकीट देणाऱ्यातली नाही. आमच्या मजल्यावरच्या खोलीसाठी मात्र मी नोंदणीचा अर्ज करायचा म्हणतेय. मुलीला कुलपाचं सांगितलं. तिचं म्हणणं, "आई, तो माणूस तुमच्या खोलीत येऊ शकतो का ते आधी बघ."