मदत हवी आहे: बरीच वर्षं बंद असलेली पद्मिनी गाडी सुरू करायची आहे

मंडळी, काकांची प्रीमियर पद्मिनी (1089 सीसी, पेट्रोल) साताऱ्याला शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. बॅटरी लावून थेट सेल्फ मारायचा धीर होत नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसल्या असतील तर नसतं दुखणं व्हायचं.

चारही स्पार्क प्लग काढले. तीन नुसते काळे आहेत, दुसऱ्या नंबरच्या टोकाला मात्र तांबूस गंज दिसतोय, म्हणजे तिथे ओल शिरली असणार. प्लगच्या भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडून ठेवलंय. आता टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच पुढेमागे ढकलावी, की इंजिनच्या पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावं? आणि नाहीच फिरलं तर ऑइल अजून मुरू द्यावं, की सरळ सिलिंडर हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवावं?

टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास मारतोय, ते काढून टाकणारच. कार्ब्युरेटर खोलणं, इग्निशनचे पॉइंट घासणं जमेल. पण हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) टिकेल का? या पेट्रोलला चालणारं पाइप-डायफ्रामचं किट पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळेल?

गावातला मेकॅनिक म्हणतो, ‘धक्का मारा, होईल चालू.’ त्याला तूर्तास लांबच ठेवलंय.