सॉल्टेड कॅरामल कपकेक : दमट हवेत आतले कॅरामल केकमध्ये मुरते, मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या भाचीचे डोहाळजेवण ऑगस्टमध्ये कोल्हापूरला आहे आणि तिला सॉल्टेड कॅरामल कपकेकचे डोहाळे लागले आहेत. ते मावशीनेच करून आणावेत असा तिचा आग्रह असल्यामुळे मला हे काम अगदी मनापासून आणि नीट पार पाडायचे आहे. मी रत्नागिरीत राहते. येथे त्या दिवसांत हवा कमालीची ओलसर असते, आणि कपकेक आंबा घाटातून गाडीने न्यावे लागणार आहेत. केक उत्तम होतो. अडचण आतल्या कॅरामलची आणि वरच्या आयसिंगची आहे.

बारा कपकेकसाठी मी 190 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 115 ग्रॅम बटर, 2 अंडी, 120 मिली दूध आणि दीड चमचा बेकिंग पावडर घेते व ओटीजीत 170 अंशांवर साधारण वीस मिनिटे भाजते. कॅरामलसाठी 200 ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात पाणी न घालता मंद आचेवर वितळवते, ती मधाहून थोडी गडद झाली की 85 ग्रॅम बटर आणि त्यानंतर 120 मिली कोमट क्रीम घालते, एक उकळी आली की उतरवते आणि शेवटी मीठ घालते. क्रीम आपल्याकडे कोणत्याही दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळते तेच, 25 टक्के स्निग्धांशाचे आहे. परदेशी कृतींमध्ये 35 टक्क्यांचे क्रीम सांगितलेले असते, परंतु ते मला येथे मिळत नाही.

कपकेक भरला त्याच दिवशी कापला, तर मधोमध कॅरामलचा गडद, चकचकीत गोल दिसतो. दुसऱ्या दिवशी मात्र तेथे रिकामी पोकळी असते, तिच्याभोवती तपकिरी ओला पट्टा पसरलेला असतो आणि तळाचा कागद बोटांना चिकटतो. चव बिघडत नाही, पण चावताना मध्येच कॅरामल लागण्याचा जो आनंद असतो, तो राहत नाही. वरच्या बटरक्रीममध्येही मी थोडे कॅरामल फेटते आणि ते आयसिंग तासाभरात कडेने ओघळू लागते.

मिठाबद्दलही विचारायचे आहे. या प्रकाराचा उगम फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातला. तेथे जुन्या काळी मिठावरच्या जाचक करातून सूट असल्यामुळे खारवलेले लोणीच घरोघरी वापरात राहिले, आणि 1977 मध्ये किबरों येथे हेन्री ल रू यांनी त्याच लोण्याचे कॅरामल करून ते प्रसिद्धीस आणले, असे मी वाचले आहे. मग आपल्या नेहमीच्या खारट टेबल बटरमध्येच कॅरामल केले, तर वेगळे मीठ किती घालावे? माझ्याकडे शिरोड्याहून आणलेले मिठागराचे जाडे मीठ आहे. त्याचे चार खडे वरून शोभेला ठेवावेत अशी फार इच्छा आहे.

कॅरामल केकमध्ये न मुरता जागेवर राहावे आणि आयसिंगने प्रवास सोसावा, यासाठी काय बदल करावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुमची कृती चांगली आहे. तिच्यात पाणी तेवढे जास्त राहते. स्निग्धांश 25 टक्के असलेल्या क्रीममध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते, त्यामुळे एका उकळीवर उतरवलेले कॅरामल हे सारण न राहता सॉस राहते, आणि केकचा सच्छिद्र गाभा तो सॉस शोषून घेतो. क्रीम 100 मिलीवर आणा आणि ते घातल्यानंतर मिश्रण सतत ढवळत 110 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. साखरेचा थर्मामीटर नसेल, तर थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडून पाहा : तो पाण्यात पसरून न जाता तळाशी एकत्र बसला पाहिजे, पण बोटांनी उचलता येईल इतका घट्ट होता कामा नये. गोळीबंद पाकाच्या जरा अलीकडे थांबायचे, असे म्हटले की आपल्याकडच्या कोणालाही अंदाज येईल. गार झाल्यावर हे कॅरामल चमच्यावरून सावकाश पडते.

दुसरा उपाय केकच्या बाजूने करायचा. गाभा निम्म्याहून खोल कोरू नका आणि त्या पोकळीला आतून वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात ब्रशने फिरवा. ते घट्ट झाले की स्निग्ध पदार्थाचा एक पडदा तयार होतो आणि कॅरामलमधले पाणी केकमध्ये उतरणे बरेच कमी होते. लग्नसमारंभांसाठी भरलेले कपकेक करताना मी हा थर कधीही वगळत नाही.

मीठ चमच्याने न मोजता वजनाने घ्यावे, कारण जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो. तयार कॅरामलच्या वजनाच्या एक ते सव्वा टक्का मीठ पुरते, आणि खारट बटर वापरल्यास त्यातले मीठ याच हिशेबात धरा. मात्र खडे रत्नागिरीतून लावून नेऊ नका. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि मिठागराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहून लवकर ओले होते. आयसिंगवर त्याचे पाणीदार डाग पडतील. खडे वेगळ्या डबीत न्या आणि ताटे मांडताना लावा.

प्रतिसाद

वरील सूचनांशी मी सहमत आहे. आयसिंगबद्दल थोडे लिहितो. बटर विशीच्या पुढच्या तापमानाला मऊ पडू लागते, त्यामुळे निव्वळ बटरक्रीम कोकणातल्या हवेत सैल पडणारच, आणि त्यात किंचितही कोमट कॅरामल गेले तर ते फेटतानाच बसते. 200 ग्रॅम बटरला 60 ग्रॅमच्या वर कॅरामल घालू नये आणि तेही पूर्ण गार झालेले असावे. काही जण निम्मे बटर काढून वनस्पती तूप घालतात. त्याने आयसिंग उभे राहते, परंतु ते टाळूला चिकटते आणि कॅरामलची चव दबते, म्हणून मी ते सुचवणार नाही. त्याऐवजी तीन भाग पांढरे चॉकलेट आणि एक भाग क्रीम यांचे गनाश करून, गार झाल्यावर फेटून वापरा.

आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. कोणी अंड्याच्या पांढऱ्याचे स्विस मरँग बटरक्रीम सुचवले, तर ते मिश्रण 71 अंशांपर्यंत तापवल्याची खात्री झाल्याशिवाय गरोदर स्त्रीसाठी वापरू नका. कच्च्या अंड्याची जोखीम या वेळी नकोच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गनाशचे नक्की केले आहे आणि पोकळीला चॉकलेटचा हात देऊन एक घाणा आधी करून पाहणार आहे. एकच शंका उरते : केक आदल्या दिवशी भाजून ठेवावे लागणार आहेत, तर ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत का?

प्रतिसाद

नुसते केक फ्रीजमध्ये ठेवू नका. मैद्यातला स्टार्च फ्रीजच्या तापमानाला सर्वांत लवकर कडक होतो आणि केक शिळा लागतो. पूर्ण गार झालेले केक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा. सकाळी कोरून, चॉकलेट लावून, भरून घ्या. गनाश पाइपिंग बॅगेत भरून बर्फाच्या पिशवीसह वेगळे न्या आणि कोल्हापूरला पोहोचल्यावरच वर काढा. तेथे गनाश फार कडक वाटले, तर बॅग हातात धरून हलकेच दाबत राहा, काही मिनिटांत ते नोझलमधून सुरळीत येऊ लागेल.