मदत हवी आहे: मुरबाडकडे कुऱ्हाडफेकीचं सेशन, पैसे भरण्याआधी काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. नवऱ्याची चाळिशी आहे. हॉटेलात जाऊन केक कापायचा त्याला कंटाळा, म्हणून जरा हातपाय हलतील असं काही शोधत होते. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे एका शेतघरावर कुऱ्हाडफेक शिकवतात असं कळलं. कोच सोबत असतो, दोन तास फेक, मग जेवण. आम्ही आठ जण जाऊ.

फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, एकदम सेफ आहे." सेफ म्हणजे नक्की काय, असं विचारलं की तो भाकरी तांदळाची हवी की नाचणीची यावर येतो.

मी थोडंफार वाचलंय. पैसे भरून खेळायचा हा प्रकार २००६ च्या सुमारास टोरांटोमध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये 'वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग' निघाली. त्यांच्याकडे एका हाताची छोटी कुऱ्हाड १२ फुटांवरून फेकतात आणि ती हवेत एकच गिरकी घेऊन रुतते. इथल्या व्हिडिओत मात्र अंतराची रेघच दिसत नाही. फेकणारा बाबा फ्लोटर्स घालून उभा. लक्ष्य म्हणजे तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवलेला ओंडका, मागे हिरवी शेडनेट, आणि शेडनेटच्या मागे चक्क एक शेळी चरतेय! माझं अर्धं लक्ष त्या शेळीवरच होतं.

दुसरी काळजी सासऱ्यांची. ते मूळचे तिकडचेच, लहानपणी लाकडं फोडलेली. बेत ऐकल्यावर म्हणाले, "हातातून कुऱ्हाड सुटली तर आमचा बाप शिव्या घालायचा, तुम्ही सोडायचे पैसे देताय?" पण यायचंच म्हणतात, आणि फेकायचंही आहे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला होता. आता बरा आहे, तरी वरच्या फळीवरचा डबा काढताना तोंड वाकडं होतं.

तर कोच खरंच शिकलेला आहे की गावातला कुणी उभा केलाय, हे फोनवर कसं ओळखायचं? आणि खांद्याचं काय करू? जाणकारांनी कृपया सांगा. "त्यापेक्षा माळशेजला जा" हा सल्ला नको, तो सासूबाई रोज देतात.

प्रतिसाद:
कॅनडात असताना ऑफिसातर्फे खेळलोय, इथलं माहीत नाही. त्याला एकच विचारा, लाकूड कुठलं आणि किती दिवसांनी बदलता? जो रोज हे काम करतो तो ताबडतोब उत्तर देईल, कारण लाकडाची पार चाळण होते. तिकडे पॉपलरसारख्या मऊ फळ्या वापरतात आणि पाणी मारून ओल्या ठेवतात. आपल्याकडे सावर किंवा पांगारा मऊ. बाभूळ किंवा जुना साग असेल तर कुऱ्हाड टणकन उलटी येते, खरा धोका तोच. म्हणून पायात बंद बूट हवेतच, फ्लोटर्स चालवून घेणाऱ्या कोचवर माझा तरी विश्वास बसणार नाही.
बाकी, शेजारी शेजारी दोघं फेकत असतील तर दोघांचं फेकून झाल्याशिवाय कुणी आणायला पुढे जात नाही. कुऱ्हाड हातातून हातात देत नाहीत, ठोकळ्यात रोवून ठेवतात, दुसरा तिथून उचलतो. बघे सगळे रेघेच्या बरेच मागे. आणि जेवणाआधी बिअर उघडत असतील तर सरळ परत या.

प्रतिसाद:
सासऱ्यांना दोन्ही हातांनी फेकू दे. फुटबॉलचा थ्रो-इन टाकतात तसे हात डोक्यावरून पुढे आणायचे आणि समोर सरळ झाले की सोडून द्यायचं. ताकद लागत नाही, मनगट झटकायचं नाही, गिरकी आपोआप मिळते. लाकडं फोडलेल्यांची खोड अशी की ते शेवटी खाली दणका देतात, ती घालवायला वेळ लागतो. पण हात डोक्यावर जाणारच, म्हणून आधी घरीच दोन्ही हात कानाला लावून बघा. दुखलं तर फिजिओला विचारल्याशिवाय नको.
कोचची परीक्षा सांगते. दांड्याचं टोक आधी आपटलं तर काय करायचं, विचारा. गिरकी अपुरी पडली, अर्धा फूट मागे सरका, असं उत्तर हवं. कुऱ्हाडीच्या डोक्याचा वरचा भाग आधी आपटला तर अर्धा फूट पुढे. "जोरात मारा" म्हणाला तर कोच नाही.

प्रतिसाद:
घरची कुऱ्हाड डिकीत टाकून नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगायला मनाई करणारे आदेश अधूनमधून निघतात, नाक्यावर गाडी अडवली तर वाढदिवसाची गोष्ट कोण ऐकणार?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आत्ताच फोन केला. दांड्याच्या प्रश्नाला पठ्ठ्याने बरोबर उत्तर दिलं, म्हणजे कोच बरा दिसतोय. अंतर १२ फूटच, रेघ चुन्याची मारतात, पावसात पुसली जाते म्हणे. बूट घालायला लावू म्हणाला. शेळीचं विचारलं तर, "आमचीच आहे, बांधून ठेवू." मी म्हटलं, शेळी हलवून काय उपयोग, मागे फळ्यांची भिंत नाहीतर मातीचा बांध हवा, उद्या तिथून माणूस जाईल. बांध घालतो म्हणालाय, फोटो पाठवणार आहे.
बाबांनी दोन्ही हात कानाला लावून दाखवले, उजवा थोडा अलीकडेच राहतो. शुक्रवारी फिजिओकडे नेतेय.
लाकूड मात्र आंब्याचं आहे, ओंडका आडवा कापलेला, म्हणजे वर्तुळं समोर दिसतात. आंबा चालतो का? कुणी फेकून बघितलंय? शनिवारी ॲडव्हान्स भरायचाय.