वीज नसताना माशांच्या टाकीतलं पाणी वर कसं चढवायचं?

300 लिटरची माशांची टाकी खाली आहे, वर झाडं लावलेला खडीचा बेड, टाकीचं पाणी त्यातून फिरवायचंय. बेल सायफनने (बेड भरला की पाणी ओढून खाली सोडणारा, उभ्या पाइपवर टोपण असलेला सायफन) पाणी आपोआप खाली येतं पण वर न्यायचं कसं? वीज अजिबात नको, काही जुगाड?

– सायफन फक्त खालीच आणणार, वर चढवायला जोर कुणीतरी लावायलाच हवा. रॅम पंपच्या (वाहत्या पाण्याच्याच जोरावर थोडं पाणी वर चढवणारा पंप) नादी लागू नका, त्याला सतत वाहतं पाणी आणि उतार लागतो.

– काम फार नाहीये हो, 100 लिटर 1 मीटर चढवायला साधारण 1000 जूल, म्हणजे 10 लिटरच्या दहा बादल्या. मी बेडच्या वर ड्रम ठेवलाय, सकाळ-संध्याकाळ हातपंपाने भरतो आणि तोटीतून बारीक धार चालू ठेवतो, फक्त एवढ्याशा धारेवर सायफन सुरूच होत नाही, पाणी उभ्या पाइपवरून नुसतं गळत राहतं, म्हणून तो काढूनच टाकला. एकदा तोटीत शेवाळ अडकलं, सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन आ वासून!

– खरी गोची ऑक्सिजनचीच. धार उंचावरून पडू द्या, मासे निम्मे करा, खाणंही कमी टाका.

– ड्रमचं पटलं. सायकलच्या जुन्या रिमवर दोरीपंप (दोरीला चकत्या लावून पाइपमधून पाणी वर ओढणारा) करून बघतो, पोरं फिरवतील हौसेने, निदान पहिला आठवडा तरी 😄