२५ फुटांवर मोटार हात टेकते, मंग कडुनिंब काहून नाई टेकत?

वावरवाला (दारव्हा)
आमची इहीर ४५ फूट. यंदा पाणी ३० च्या खाली गेलं आन् काठावरची ५ एचपीची मोटार नुसती घुंघुं करून रायली, पाण्याचा थेंब नाई. मेकॅनिक म्हणे, "भाऊ, २५ फुटाखालचं पाणी वरून वढणारी मोटार नसते, खाली उतरवा." चौघांनी दोर लावून उतरवली. बाबाचं बोट चेंगरलं ते येगळंच.
आता सवाल. काठावरच कडुनिंब हाय. मुळं इहिरीच्या दगडांतून २० फूट खाली दिसतात, झाड वर ४० फूट. म्हंजे ६० फुटाची लिफ्ट! ना लाइन, ना बिल. आन् चैतात सारं वावर तापलेलं असते तवा त्याले लाल कोवळी पालवी. हे कसं काय?

मेहकरचा पाहुणा
दिव्याच्या वातीसारखं. वात तेल वढते, झाड पाणी. सोपं हाय.

जुने मास्तर (वर्धा)
वातीनं भागत नाही हो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या नळीत पाणी आपसूक चढतं ते जेमतेम फूटभर.
मुळात मोटार पाणी ओढतच नाही. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. तो जोर ३४ फुटांवर संपतो. गळती, घर्षण धरून तुमचे २५ उरतात. झाड हवेच्या भरवशावर नाहीच. उन्हानं पानातून पाण्याची वाफ उडते, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वरचा निघाला की मागचा ओढला जातो, थेट मुळापर्यंत. तुम्ही मोटार दोरानं उतरवलीत ना? झाडात पाणीच दोर असतं. बिल सूर्य भरतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे १८९४ साली मांडलं. कॅलिफोर्नियातले रेडवुड याच जोरावर ११५ मीटरपर्यंत पाणी चढवतात.

वावरवाला
पन दोर तुटत नाई? आमच्या फुटबॉलचं (पाइपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवणारी झडप, फुटव्हॉल; त्याले इकडं असंच म्हणतात) वायसर गेलं का मोटार हवा धरते, मंग बसा पाणी भरत.

जुने मास्तर (वर्धा)
तुटतो की! कडक उन्हात झाडही हवा धरतं. बुडबुडा झाला की ती नळी बाद. पण तुमचा पाइप एक, झाडाच्या नळ्या केसासारख्या बारीक आणि अगणित. दोन नळ्यांमधल्या पडद्याची छिद्रं एवढी सूक्ष्म की पाणी जातं, बुडबुडा अडकतो. शिवाय ताण वाढला की पानं आपली रंध्रं मिटून घेतात. पराटी (कपाशी) भरदुपारी मान टाकते आणि दिवेलागणीला पुन्हा उभी, पाहिलं असेल. सागवान तर उन्हाळ्यात पानंच टाकून मोकळा होतो. कडुनिंबाची मुळं खोल, म्हणून त्याला चैत्रातली चैन परवडते.

फुलवाली (अमरावती)
म्हणून शेवंतीचे दांडे बादलीत पाण्याखालीच कापायचे का? आई तसंच करायला लावायची, कारण कधी सांगितलं नाही.

जुने मास्तर (वर्धा)
हो, कापताना हवा शिरू नये म्हणून.

वावरवाला
बाबाले वाचून दाखवलं. ते म्हणे, "म्हंजे आपल्या इहिरीचं पाणी हाच पेते! तोडा त्याले." आता काय सांगू? मोटार उतरवून झाल्यावर बोट धरून बसले होते ते त्याच्याच सावलीत.