मदत हवी आहे : मागच्या स्पीकरमधून वेगळा आवाज येत नाही (प्लेस्टेशन ४, ५.१ होम थिएटर)

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. प्रश्न माझ्या धाकट्या भावासाठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग हळूहळू कडेचं. आता समोरचं एवढंसं गोल दिसतं, पण तेवढं स्वच्छ दिसतं. टीव्हीसमोर बसला की पडद्याचा मधला भाग कळतो, डाव्या कोपऱ्यातून कोण आलं ते कळत नाही. तरी आत्तापर्यंत गेम खेळताना त्याचं अडत नव्हतं, कारण ५.१ मध्ये पाच स्पीकर आणि एक वूफर असतो, त्यातले दोन स्पीकर मागे होते. उजवीकडे मागून पावलं वाजली की लगेच वळायचा. मी शेजारी बसून सगळा पडदा बघत असायचे, तरी माझ्याआधी त्याला कळायचं.

आमचं घर मारुती चौकाच्या मागे आहे. २०१९ च्या महापुरात तळमजला पाण्यात गेला, २०२१ ला पुन्हा गेला. तेव्हापासून कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेलं की आम्ही सामान वर न्यायला लागतो, ४० च्या इशारा पातळीची वाट बघत नाही. यंदा ठरवलं, टीव्ही आणि होम थिएटर कायमचं वरच ठेवायचं. जोडणी ओळखीच्या एका मेकॅनिकनं करून दिली. त्याच आठवड्यात प्लेस्टेशनची हार्ड डिस्क भरली होती म्हणून मोठी बसवून घेतली.

तेव्हापासून आवाज पाचही स्पीकरमधून येतो, पण सगळीकडून एकच! समोरचा माणूस बोलतो तो मागूनही बोलतो. भाऊ दोन दिवस खेळला आणि कंट्रोलर ठेवून दिला. म्हणाला, "ताई, खोलीभर नुसता आवाज आहे, दिशा नाही."

प्लेस्टेशन पहिलं मोठं मॉडेल आहे, मागे ऑप्टिकलचं, म्हणजे प्रकाशानं आवाज नेणाऱ्या वायरीचं भोक असलेलं. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणारा होम थिएटरचा डबा, जुना आहे, त्याला एचडीएमआय नाही, ऑप्टिकल आहे. सध्या प्लेस्टेशनची एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीची ऑप्टिकल रिसीव्हरला अशी जोडणी आहे. रिसीव्हरचा टेस्ट टोन (एकेक स्पीकर तपासायचा आवाज) लावला तर पाचही स्पीकर आणि वूफर वाजतात. ऑप्टिकल वायर नवी आणून बघितली, गेमही बदलून बघितले.

हेडफोन घ्या असं कृपया सांगू नका, तो प्रयोग करून झालाय. हेडफोनवर त्याला समोरचं आणि मागचं वेगळं करता येत नाही. स्पीकर असले की तो मान जराशी हलवतो आणि आवाज कुठल्या कानात कसा बदलला त्यावरून ठरवतो. हेडफोन डोक्याबरोबरच फिरतो, तिथे मान हलवून काही हाती लागत नाही.


प्रतिसाद, मिरजेहून

ताई, टेस्ट टोन रिसीव्हर स्वतः तयार करतो. तो वाजला म्हणजे रिसीव्हरपासून स्पीकरपर्यंतच्या वायरी ठीक आहेत, एवढंच कळतं. प्लेस्टेशनकडून काय येतंय ते त्यावरून कळत नाही. गेम चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय अक्षरं येतात ते बघून सांगा.


धागाकर्ती

पीसीएम असं येतंय, आणि खाली ऑल चॅनल स्टिरिओ.


प्रतिसाद, मिरजेहून

मग रिसीव्हरला डावा आणि उजवा असे दोनच चॅनल मिळतायत आणि तो त्याच दोनाच्या प्रती पाचही ठिकाणी वाजवतोय. भावानं अगदी बरोबर ओळखलं. तो मोड आधी बंद करा. प्रो लॉजिक असेल तर तोही लावू नका. तो दोन चॅनलवरून मागचा आवाज अंदाजानं काढतो. सिनेमाला चालून जाईल, पण ज्याला दिशेवर वळायचंय त्याला अंदाज काय कामाचा?


प्रतिसाद, कराडहून

जोडणीतच घोळ आहे. बरेच टीव्ही एचडीएमआयनं आत आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलनं बाहेर देताना दोन चॅनलचा करून टाकतात. टीव्हीच्या स्वतःच्या ॲपचा ५.१ बाहेर जातो, बाहेरून जोडलेल्या यंत्राचा जात नाही, त्यामुळे माणूस आणखी गोंधळतो. टीव्हीला मधून काढा. चित्रासाठी एचडीएमआय टीव्हीला राहू द्या आणि प्लेस्टेशनच्या मागची ऑप्टिकल थेट रिसीव्हरला लावा. लावण्याआधी वायरीचं सुटं टोक बघा, लाल उजेड दिसला पाहिजे. ऑप्टिकल वायर काटकोनात मुडपू नका, आतला धागा दुखावतो.

पुढे कधी नवं यंत्र घ्यायचं झालं तर एक लक्षात ठेवा. प्लेस्टेशन ४ च्या स्लिम मॉडेलला आणि प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल नाही. हा रिसीव्हर वापरायचा असेल तर हेच मोठं मॉडेल जपा.


प्रतिसाद, पुण्याहून

एवढा खटाटोप कशाला, एक साउंडबार घेऊन टाका.


धागाकर्ती

सुचवल्याबद्दल आभार, पण साउंडबार समोरच राहणार. आम्हाला मागे खरोखरचा स्पीकर हवाय.

कराडच्या दादांनी सांगितलं तसं केलं. लाल उजेड दिसला, ऑप्टिकल थेट लावली, ऑल चॅनल स्टिरिओही बंद केला. आवाज येतोय, पण डिस्प्लेवर अजून पीसीएमच, आणि आता मागचे दोन्ही गप्प. टीव्हीमुळेच होत होतं असं धरून चालले होते. आज भावाला "झालं बघ" म्हणून बोलावलं आणि तो तसाच उठून गेला. फार वाईट वाटलं.


प्रतिसाद, कराडहून

ताई, मागचे गप्प झाले ही चांगली खूण आहे. रिसीव्हर आता खोटं काही भरत नाही. तुमच्याकडे दोन दोष एकावर एक आहेत, एक काढला तरी दुसरा तसाच दिसत राहतो.

तुम्ही हार्ड डिस्क बदलली ना? तेव्हा प्लेस्टेशनच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या. ऑप्टिकल वायरीतून न दाबलेला, म्हणजे पीसीएम आवाज दोनच चॅनल जातो. ५.१ न्यायचा तर तो डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबून न्यावा लागतो, आणि प्लेस्टेशन ते आपणहून करत नाही, सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये साउंड अँड स्क्रीन, त्यात ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज उघडा. प्रायमरी आउटपुट पोर्ट डिजिटल आउट ऑप्टिकल करा आणि डॉल्बी डिजिटल ५.१ वर खूण करा. बहुतेक लोक इथेच थांबतात. त्याच पानावर खाली ऑडिओ फॉरमॅट आहे, तिथे लिनिअर पीसीएम असेल. ते बदलून बिटस्ट्रीम डॉल्बी करा. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा लावा, आणि गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ किंवा हेडफोनवर नाही ना ते बघा.


धागाकर्ती

डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल आलं!! पीसीएम गेलं. मागून पाऊस मागूनच पडतोय. दादा, तुमचे कसे आभार मानू.

पण एक अडचण आहे. भाऊ पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, मागचं डावं-उजवं उलटं आहे. मला कळलंच नव्हतं. आम्ही दोघांनी परत टेस्ट टोन लावला. डिस्प्लेवर मागचा डावा आला की वाजतो उजवा. आधीही हाच टोन मी दोनदा लावला होता, पण वाजतोय ना एवढंच ऐकलं, कुठून वाजतोय ते बघितलंच नाही. मेकॅनिकनं भिंतीलगत वायरी ओढताना अदलाबदल झाली असणार.

आणखी एक. उजवा मागचा त्याच्या अगदी कानाशी आहे, डावा लांब. खोली दहा बाय बारा, दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला.


प्रतिसाद, मिरजेहून

आमच्या घरी तंतुवाद्यांचं काम चालतं, तेव्हा सुरात लावण्याबद्दल चार शब्द बोलतो. दिवाण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. मागचे स्पीकर पाठीमागच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतींवर, कानाच्या रेषेपेक्षा किंचित मागे लावा. समोर नाक शून्य धरलं तर दोन्हीकडे साधारण ११० अंशांवर यायला हवेत. पूर्ण मागे नेले तर डावं-उजवं एकमेकांत मिसळतं.

मग भाऊ बसतो तिथे त्याच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेप धरून अंतर मोजा आणि रिसीव्हरमध्ये भरा. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवायचं काम रिसीव्हर करतो. शेवटी टेस्ट टोनवर पाचही सारखे ऐकू येईपर्यंत आवाज कमी-जास्त करा. हे तुमच्या कानानं नको, त्याच्या कानानं करा. तो बसेल, सांगेल, तुम्ही फक्त बटण दाबा.


धागाकर्ती

रविवारची दुपार यातच गेली. दिवाण पुढे ओढला, तर आई म्हणाली झाडायलाही बरं पडतं. उजवा मागचा २ डेसिबल खाली आणला, डावा १ वर नेला. मी दोन्ही सारखे झाले म्हणाले होते, त्यानं आणखी एक पायरी बदलायला लावली आणि त्याचंच बरोबर होतं.

रात्री तो तीन तास खेळला. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. एकदा डाव्या मागून कुणीतरी आलं, माझं लक्ष पडद्यावर होतं, मला काहीच दिसलं नाही, आणि तो वळलेला होता.

मागच्या वायरी काढल्याच होत्या, म्हणून परत जोडताना टोकांपाशी दोऱ्याच्या गाठी मारल्यात, डावीला एक, उजवीला दोन. पुढच्या पावसाळ्यात सामान हलवावं लागलं तर तो चाचपून स्वतःच जोडू शकेल.